मत द्या, पण उंबरठा सांभाळा

(२४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त काही गृहनिर्माण संस्थांनी एकत्र येऊन योजलेल्या कार्यक्रमातील भाषणाचे हे शब्दांकन.)



ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात वक्त्याने वजनमापातील फसवणूक, भेसळ किंवा छापील किमतीपेक्षा जादा आकारणी यांवर बोलावे, अशी एक प्रथाच पडली आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण आज मी थोड्या वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. आजवर बाजारात जाऊन आपण ग्राहक होत होतो. आता बाजारच आपल्या घरी आला आहे आणि तो केवळ विकायला आलेला नाही. तो विचारायला आला आहे. 'तुम्हाला काय हवे? कसे हवे? आत्ता जे वापरता त्यात काय खटकते?' असे प्रश्न मोबाइलच्या पडद्यावरून तो विचारतो आणि उत्तरादाखल चार पैसेही देऊ करतो. या प्रश्नांना उत्तरे द्यावीत की नाही, द्यायची तर कोणत्या मर्यादेत, हा आजचा विषय.

प्रारंभ घरातल्याच एका प्रसंगाने करतो. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते. आयुष्यभर शिक्षिका म्हणून काम करून ती निवृत्त झाली. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सूनबाईंनी तिच्या मोबाइलवर एक ॲप उतरवून दिले. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. रोज एक छोटे काम करायचे. कधी सकाळच्या न्याहारीचे छायाचित्र पाठवायचे, कधी मिसळणाच्या डब्याचे. कधी फोडलेले पाकीट आपण कसे बंद करून ठेवतो, दोरीने, रबराने की चिमट्याने, हे दाखवायचे आणि त्यावर मिनिटभर बोलायचे. आठवड्याला दीडशे रुपयांचे कूपन मिळे.

ताईचा मला फोन आला तेव्हा तिच्या आवाजात विलक्षण आनंद होता. "अरे, इतकी वर्षं घर चालवलं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. हे लोक विचारतायत!" मी चेष्टा करणार होतो, पण शब्द ओठांवरच थांबले. कारण ती खरे बोलत होती. आपल्या घरातील मीठ, तेल, साबण, कुकर, मिक्सर यांविषयी सर्वांत अधिक ज्ञान जिच्यापाशी असते, तिला त्या वस्तू घडवणाऱ्यांनी क्वचितच काही विचारलेले असते.

आणि ताईने सांगितले तेही मोलाचे होते. मसाल्याच्या पाकिटावर 'अमुक तारखेपूर्वी वापरा' हे नेमके पाकिटाच्या वरच्या जोडावर छापलेले असते. पाकीट कापले की तारीखही कापली जाते. मग उरलेला मसाला किती दिवस चालेल, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. ही अडचण वातानुकूलित कार्यालयात बसलेल्या संकल्पकाला कशी सुचावी? ती ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईलाच सुचते.

विचारणे नवे नाही

सज्जनहो, विचारण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. बांगड्या भरणारा कासार हात हातात घेताच माप ओळखत असे. लेकीचे लग्न ठरले आहे, थोरली माहेरपणाला आली आहे, हे त्याला ठाऊक असे आणि त्याप्रमाणे तो माल आणत असे. वाण्याच्या वहीत आपल्या घराचा महिन्याचा सारा ताळा असे. हेही ग्राहक-संशोधनच होते. फरक एवढाच, की कासार आणि वाणी आपल्या गावचे होते. आपण त्यांना जेवढे ओळखत होतो, तेवढेच ते आपल्याला ओळखत होते. ओळख दुतर्फा होती. त्यांनी मर्यादा सोडली असती तर दुसऱ्या दिवशी गावाने जाब विचारला असता.

अलीकडच्या काळातही उत्पादकाने ग्राहकाला सोबत घेऊन वस्तू घडवल्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गोदरेज अँड बॉइस कंपनीने ग्रामीण कुटुंबांसाठी 'छोटूकूल' नावाचा लहान शीतक तयार केला. त्याच्या घडणीच्या काळात, २००८ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सहाशेहून अधिक महिलांशी कंपनीने विचारविनिमय केला. वजन आठ किलोच्या आत, दार समोरून न उघडता झाकण वरून उघडणारे, वीज गेली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, असा तो शीतक होता. त्याचा लाल रंगही या महिलांच्या पसंतीचा. पुढे ज्या ग्रामीण घरांसाठी तो घडवला, तिथे तो अपेक्षेइतका रुजला नाही. छोटी दुकाने आणि मोटारीतून प्रवास करणारी शहरी कुटुंबे अशा वेगळ्याच ग्राहकांकडे कंपनीला वळावे लागले. म्हणजे विचारले की यश मिळतेच असे नाही. पण न विचारता केलेल्या वस्तूपेक्षा विचारून केलेली वस्तू माणसाच्या अधिक जवळ जाते, एवढे मात्र खरे.

विचारणाऱ्याने नेमका प्रश्न विचारला नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १९८५ साली कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली. त्यापूर्वी सुमारे दोन लाख लोकांना नवी चव देऊन त्यांची पसंती नोंदवली होती. बहुसंख्यांना नवी चव आवडली होती. तरीही बाजारात असा क्षोभ उसळला, की अवघ्या ७९ दिवसांत जुने पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. चव कोणती आवडते, हे विचारले होते. 'जुने कायमचे जाणार असेल तर चालेल का?' हे विचारायचे राहून गेले होते. घोटाची चव मोजता येते, आपलेपण मोजणे कठीण असते.

हे काम चालते कसे?

मोबाइलवरील ग्राहक-संशोधनाचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार विचारण्याचा. आधी वय, गाव, कुटुंब, उत्पन्न यांची चाचपणी होते. त्या कसोटीत बसलात तर प्रश्नावली येते, किंवा ताईला सांगितली तशी आठ-पंधरा दिवसांची दैनंदिनी लिहायची असते. दुसरा प्रकार पारखण्याचा. एखादे ॲप वा उपकरण सर्वांसाठी खुले होण्यापूर्वी काही लोकांना वापरायला देतात आणि कुठे अडते ते कळवायला सांगतात. तिसरा प्रकार निमूट पाहण्याचा. आपण कोणते ॲप किती वेळ उघडतो, बोट कुठे थबकते, कोणती जाहिरात ओलांडून जातो, याची नोंद आपल्याला काहीही न विचारता होत राहते. पहिल्या दोन प्रकारांत आपण बोलतो. तिसऱ्यात आपले वागणे बोलते. खरी काळजी या तिसऱ्या प्रकाराची आहे. पहिल्या प्रकाराच्या दारातून तिसरा प्रकार आत शिरतो, तेव्हा ती अधिकच वाढते.

या क्षेत्रातील अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली एक सूत्र लोकप्रिय केले. एखादी रचना केवळ पाच माणसांना वापरायला देऊन शांतपणे निरीक्षण केले, तरी तिच्यातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पण त्याला त्यांनीच जोडलेली एक अट आहे. वापरणारे वर्ग भिन्न असतील तर प्रत्येक वर्गातली माणसे स्वतंत्रपणे बोलवावी लागतात. ही अट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. ही पाच माणसे महानगरातील, पंचविशीतील आणि इंग्रजीत सहज वावरणारी असतील, तर जे घडेल ते त्यांच्याच सोयीचे असेल. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिकेची दृष्टी, नंदुरबारच्या शेतकऱ्याची भाषा आणि थरथरत्या हाताचे बोट त्या रचनेत मोजलेच जाणार नाही.

मराठीपुरते बोलायचे तर 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील फरक आपल्याला उपजत कळतो. पण मोबाइलच्या कळफलकावर तो रफार-भेद साधताना अनेकांची आजही तारांबळ उडते. मराठीचा 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून निराळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाद्वारे प्रमाण वर्णमाला ठरवून दिली. तरी कित्येक पडद्यांवर मराठी मजकूर परक्या वळणातच दिसतो. हा दोष दूर व्हायचा तर मराठी माणसाने तो दाखवून दिला पाहिजे. केंद्र शासनाच्या 'भाषिणी' प्रकल्पातील 'भाषादान' उपक्रमात सामान्य नागरिक आपल्या भाषेतील आवाज आणि मजकूर देऊ शकतो. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह लोकांकडून मागवले गेले, तेव्हा निवडले गेलेले चष्म्याचे चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचे होते. विचारणा झाली तेव्हा कोल्हापूर गप्प बसले नाही. म्हणून 'असल्या ॲपच्या नादी लागूच नका' असा सोपा उपदेश मी करणार नाही. बोलणाऱ्याचीच वस्तू घडते. जो बोलत नाही, त्याला दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालावा लागतो.

आणि मग उंबरठा ओलांडला जातो

आता ताईच्या गोष्टीचा उत्तरार्ध. चौथ्या आठवड्यात काम आले : 'आपल्या स्वयंपाकघराचे दोन मिनिटांचे चित्रीकरण पाठवा.' ताईने पाठवले. संध्याकाळी सहज म्हणून तिने ते स्वतः पुन्हा पाहिले आणि ती दचकली. फ्रिजवर दाजींच्या हृदयविकाराच्या गोळ्या दिसत होत्या. दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब होता आणि कोणत्या तारखेला दोघे गावी जाणार, तेही लिहिलेले होते. दारामागे नातवाचे शाळेचे वेळापत्रक होते, नाव आणि तुकडीसह. ताईने संमती दिली होती ती आपल्या ओट्यासाठी. दाजींनी आपल्या आजारासाठी आणि नातवाने आपल्या शाळेसाठी संमती केव्हा दिली होती?

पुढच्या महिन्यात दाजींना आरोग्यविम्याच्या विक्रीचे फोन येऊ लागले. त्या दोन गोष्टींचा संबंध होता असे मी म्हणणार नाही. असे फोन आज कोणाला येत नाहीत? पण संबंध होता की नव्हता, हे तपासण्याचा कोणताही मार्ग ताईजवळ नव्हता, हेच मला अधिक गंभीर वाटते. 'माझी चित्रे कोठे आहेत, कोणी पाहिली, ती पुसून टाका' असे तिने स्वच्छ मराठीत लिहून पाठवले. उलटटपाली इंग्रजीत एक साचेबंद उत्तर आले : आपले मत आम्हाला मोलाचे वाटते. त्यापुढे काही नाही. जिचे मत इतके मोलाचे, तिचा प्रश्न मात्र कवडीमोलाचा ठरला!

हा एका घराचा अनुभव. याचे विराट रूप जगाने पाहिले आहे. २०१८ साली 'केंब्रिज ॲनालिटिका' प्रकरण उजेडात आले. मुळात ती व्यक्तिमत्त्व-चाचणीची एक निरुपद्रवी वाटणारी प्रश्नावली होती आणि भाग घेणाऱ्यांना तिचा मोबदलाही मिळत होता. फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार भारतात ते ॲप उतरवणारे केवळ ३३५ जण होते. पण त्यांच्या मित्रपरिवारामार्फत ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या होती ५,६२,४५५. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एकाने दार उघडले आणि त्याबरोबर साऱ्या आळीची दारे उघडली गेली.

दुसरे उदाहरण आपल्या अधिकच जवळचे. त्याच फेसबुकने २०१६ पासून एक 'संशोधन ॲप' चालवले. १३ ते ३५ वयोगटातील लोकांना ते मोबाइलमध्ये बसवण्यासाठी महिन्याला वीस डॉलरपर्यंत मोबदला दिला जाई. त्या बदल्यात मोबाइलवरून होणारी जवळजवळ सारी ये-जा कंपनीला पाहता येई. जानेवारी २०१९ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध झाले आणि ॲपल कंपनीने आपल्या फोनवरील त्याचा मार्ग बंद केला. नंतर कंपनीने अमेरिकी लोकप्रतिनिधींना जी माहिती दिली, तिच्यानुसार या ॲपने एकूण सुमारे १,८७,००० लोकांची माहिती गोळा केली होती. त्यांपैकी सुमारे ३१,००० अमेरिकेतील होते. उरलेले सारे भारतीय. गदारोळ झाला अमेरिकेत, आणि बहुसंख्य निरीक्षित होते आपल्याकडचे! आपल्या वर्तमानपत्रांत याची किती चर्चा झाली? पत्रकार म्हणून हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारतो.

कायद्याचे बळ आणि आपली जबाबदारी

परिस्थिती आता बदलते आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची असून संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट हेतूपुरती आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली असली पाहिजे. ती जितक्या सहज देता येते, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. सूचना इंग्रजीप्रमाणेच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक आहे. गंभीर कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याशिवाय, ग्राहकाला भुलवून नको ते करायला लावणाऱ्या तेरा छुप्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मज्जाव केला आहे.

पण कायदा झाला म्हणजे काम झाले, असे ग्राहक चळवळीने कधीच मानले नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम आरंभले, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वातही नव्हता. तो आला १९८६ च्या २४ डिसेंबरला, बारा वर्षांनी. आधी माणसे जागी झाली, मग कायदा झाला. माहितीच्या क्षेत्रात हा क्रम आज उलटा झाला आहे. कायदा पुढे गेला आहे आणि आपण मागे आहोत. हे अंतर भरून काढण्याचे काम सभागृहात नव्हे, घरोघर व्हायचे आहे.

त्यासाठी पाच साधे नियम मी सुचवतो.

पहिला : आधी विचारा, मग उत्तर द्या. संशोधन कोण करते आहे, कोणासाठी करते आहे आणि माहिती किती काळ ठेवणार आहे, हे लिखित स्वरूपात मिळाल्याखेरीज एकही छायाचित्र पाठवू नका.

दुसरा : ॲपने मागितलेली परवानगी आणि त्याचे काम यांचा मेळ पाहा. साबणाविषयी मत विचारणाऱ्याला आपली संपर्कयादी आणि लघुसंदेश कशाला हवेत? मेळ बसत नसेल तर काम सोडा.

तिसरा : संमती व्यक्तीची असते, घराची नसते. चौकटीत जो येईल, त्याला विचारल्याशिवाय चित्रीकरण नको. मुले, आजार, औषधे, देवघर, तिजोरी आणि दारावरची पाटी या गोष्टी चौकटीबाहेर.

चौथा : संशोधन आणि विक्री यांतील रेषा ओळखा. सहभागी माणसाची माहिती त्यालाच काही विकण्यासाठी वापरू नये, हे संशोधन-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेचेही तत्त्व आहे. जो प्रश्नांच्या शेवटी काही विकू लागतो किंवा भाग घेण्यासाठी आधी आपल्याकडूनच पैसे मागतो, तो संशोधक नव्हे.

पाचवा : खरे बोला. हा नियम आपल्यासाठी आहे. कूपनच्या मोहाने घाईघाईत कोणतेही उत्तर टिचकावणारे पुष्कळ असतात. खोट्या उत्तरावर घडलेली वस्तू शेवटी आपल्याच घरी येते.

समारोप

या साऱ्यानंतर ताईने काय केले, हे सांगून थांबतो. माझी समजूत होती, की ती आता या वाटेला पुन्हा जाणार नाही. पण ती पडली शिक्षिका. तिने एक वही केली. डाव्या पानावर त्यांनी काय विचारले आणि उजव्या पानावर मी काय विचारले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका अभ्यासासाठी विचारणा झाली, तेव्हा तिने आधी आपले सहा प्रश्न पाठवले. तीन दिवसांनी उत्तरे आली, मराठीत. पाच समाधानकारक होती. सहाव्याला, 'चित्रीकरण कोणाला दाखवणार?' या प्रश्नाला, उत्तर गुळमुळीत होते. ताईने कळवले, "बोलून सांगेन, लिहून देईन, चित्रीकरण देणार नाही." त्यांनी ते मान्य केले. दाजींना विचारून, त्यांच्यासमोर बसून तिने पंधरा दिवस मते नोंदवली.

मी तिला म्हटले, "ताई, एवढ्या उपद्व्यापाचं कूपन किती मिळालं?" ती म्हणाली, "कूपनसाठी नाही रे. पाकिटावरची तारीख अजून तिथेच छापतायत. कुणीतरी सांगत राहायला हवं ना!"

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे दाराशी आलेल्याला विन्मुख पाठवत नाहीत. पण त्याला 'कोण आपण? कोठून आलात?' असे विचारल्याशिवाय माजघरापर्यंतही नेत नाहीत. ओसरीवर बसवतात, पाणी देतात, बोलतात. ओसरी आणि माजघर यांतला हा फरक आपल्या आजीला कोणी शिकवावा लागला नव्हता. तेच भान हातातल्या मोबाइलपाशी ठेवू या. मत मोकळेपणाने देऊ या आणि उंबरठाही सांभाळू या.